वीस पिल्लांचं ब्रूडर किट : प्लेट ठेवा, पाण्याचं भांडं बदला

कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लांना आईविना ऊब देऊन वाढवायची जागा म्हणजे ब्रूडर. त्यासाठी खोक्यात भरून जी तयार किट मिळतात, त्यांत सामान साधारण तेच असतं. चार पायांवर उभी राहणारी ३० बाय ३० सेंटीमीटरची गरम प्लेट, एक लिटरचं उलटं ठेवायचं पाण्याचं भांडं, भोकांचा गोल फीडर, एकमेकांत अडकवून रिंगण करायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, खाली अंथरायची गुळगुळीत चटई, काट्याचा छोटा थर्मामीटर आणि इलेक्ट्रोलाइट पावडरची, म्हणजे पाण्यात मिसळायच्या क्षारांची, एक पुडी. खोक्यावर छापलेलं असतं, ‘२० पिल्लं, ० ते ६ आठवडे’. रंग आणि नाव बदलतं, साचा तोच राहतो. त्यामुळे हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही, या साच्याचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. प्लेट चांगली आहे आणि खोक्याचे पैसे तिच्यासाठीच मोजायचे. फीडर ठीक. पट्ट्या दहा-बारा दिवसांच्या सोबती. पाण्याचं भांडं मात्र पहिल्या आठवड्यातच बदलावं किंवा निदान त्याची बैठक तरी सुधारावी, कारण पुढे ‘रोग आला’ म्हणून जी धावपळ होते तिची सुरुवात बऱ्याचदा या भांड्याखालच्या ओल्या तुसात झालेली असते. चटई गुंडाळून ठेवा. थर्मामीटर मुलांना खेळायला द्या.

आधी प्लेटबद्दल. बल्ब आणि प्लेट यांत फरक नुसता विजेचा नाही, पण तो हिशोबही बघण्यासारखा आहे. २५० वॅटचा तांबडा बल्ब चोवीस तास जळला की ६ युनिट जातात. या मापाची प्लेट २० वॅटच्या आसपास असते, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटच्या आत. बल्ब सगळी हवा आणि जमीन तापवतो. प्लेट मात्र खुडूक कोंबडीसारखं काम करते. पिल्लू खाली शिरतं, पाठ टेकवतं, ऊब घेतं आणि बाहेर पळतं. बल्बचा क्लॅम्प घसरून तो कोरड्या तुसावर पडला तर आग लागायला फार वेळ लागत नाही. प्लेटचा पृष्ठभाग तेवढा तापतच नाही. शिवाय न फुटणारे म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बल्बांवर पीटीएफईचा लेप असतो, नॉनस्टिक तव्यावर असतो तोच. तो तापला की निघणारा वायू पक्ष्यांच्या फुप्फुसांना मारक ठरतो. बल्बच वापरायचा असेल तर खोक्यावर तसा लेप नाही ना, एवढं नक्की वाचा.

प्लेट लावताना सगळ्यात जास्त चुकते ती उंची. माहितीपत्रकात आठवड्यागणिक सेंटीमीटरचा तक्ता असतो, पण तो सगळ्या जातींना एकच धरतो. खरं माप पिल्लाच्या पाठीवर आहे. पिल्लू उभं राहिलं की पाठ प्लेटला जेमतेम टेकली पाहिजे. ते वाकून चालत असेल तर प्लेट खाली आहे. मान ताठ करूनही पाठ टेकत नसेल तर वर आहे, आणि वर असलेली प्लेट म्हणजे शोभेचं छप्पर, कारण हवा ती फारशी तापवतच नाही. मागचे दोन पाय पुढच्यांपेक्षा एक-दोन सेंटीमीटर खाली ठेवले तर लहानमोठी पिल्लं आपापली जागा शोधतात. पिल्लं येण्याआधी तासभर प्लेट चालू ठेवा. मग पालथा हात तिच्याखाली धरा. ऊब स्पष्ट लागली पाहिजे, पण हात मागे घ्यावासा वाटता कामा नये. दर तीन-चार दिवसांनी एक खाच वर चढवा. या किटमधले पाय खाचेत अडकवायचे असतात आणि तूस भरलं की खाच नीट बसत नाही. प्लेट एका कोपऱ्यात अचानक खाली येते ती त्यामुळेच. उंची बदलताना खाच जुन्या दातघासणीने साफ केली की काम भागतं.

थर्मामीटर बिनकामाचा का, तेही इथेच सांगायला हवं. पुस्तकात असतं की पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ठेवा आणि मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करा. हा आकडा बरोबर आहे, पण तो बल्बच्या ब्रूडरचा, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या उंचीवरच्या हवेचा. प्लेटशेजारी जमिनीवर ठेवलेला काटा २५-२६ दाखवेल, मालक घाबरून दुसरा हीटर लावेल आणि पिल्लं मग खरोखरच उकडून निघतील. त्यात हे काट्याचे थर्मामीटर दोन-तीन अंशांनी सहज चुकतात. त्यापेक्षा पिल्लांकडे बघा. प्लेटच्या कडेला अर्धी आत, अर्धी बाहेर पसरून निवांत पडलेली असतील आणि मधूनमधून बारीक कुजबुज चालू असेल तर सगळं जागेवर आहे. एकमेकांच्या अंगावर चढून प्लेटखाली कोंबलेली आणि कर्कश चिवचिवाट असेल तर थंडी लागतेय. लांब रिंगणाच्या कडेला, चोची उघड्या आणि पंख सोडलेले असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकलेली असतील तर तापमान सोडा, दुसऱ्या बाजूने वाऱ्याची झुळूक कुठून येते ते शोधा. हात जमिनीलगत, पिल्लाच्या उंचीवर धरून बघा. उभ्या माणसाला ती झुळूक कळतच नाही.

प्लेटचे दोष तीन आणि तिन्ही खोक्यावर लिहिलेले नसतात. एक, ती उजेड देत नाही. बल्बखाली पिल्लांना दाणापाणी आपोआप दिसतं, प्लेटमध्ये ती काळोखात ऊब घेत बसतात आणि काही उपाशी राहतात. पहिले दोन-तीन दिवस फीडर आणि भांड्याच्या वर वेगळा साधा दिवा रात्रंदिवस हवा. त्यानंतर रात्री अंधार चालतो, उलट फायद्याचाच असतो. अंधारात झोपलेली पिल्लं एकमेकांना टोचत नाहीत. दोन, पिल्लांना प्लेटखाली जायचं असतं हे उपजत कळत नाही. पहिल्या दिवशी दर अर्ध्या-पाऊण तासाने त्यांना हाताने आत सारावं लागतं. समोरच्या कडेला जुन्या फडक्याच्या उभ्या चिंध्या सोडल्या तर आत आईच्या पंखाखालसारखा अंधार होतो आणि ती लवकर शिकतात. तीन, खोलीचं तापमान १० अंशांच्या खाली गेलं की ही प्लेट एकटी पुरत नाही. तशा ठिकाणी खोलीच थोडी उबदार करावी लागते, नाहीतर बल्बला पर्याय नाही. उलट कडक उन्हाळ्यात खोलीच ३३-३४ अंशांवर असेल तर दिवसा प्लेट बंद आणि फक्त पहाटे चालू, इतकंही पुरतं.

‘२० पिल्लं, ६ आठवडे’ ही ओळ मात्र निम्मीच खरी. ३० बाय ३० म्हणजे ९०० चौरस सेंटीमीटर, २० पिल्लांना वाटले तर प्रत्येकी ४५. एक दिवसाच्या पिल्लाला ते भरपूर होतं. तीन आठवड्यांचं पिल्लू मात्र तेवढ्यात मावत नाही. तोवर पंख फुटून ऊब कमी लागते म्हणून उबदार हवेत निभावतं, पण थंडीत कडेची चार-पाच रात्रभर बाहेर राहतात आणि सकाळी तीच सुस्त दिसतात. २० पिल्लं आणायची तर ४० बाय ४० किंवा त्याहून मोठ्या प्लेटचं किट घ्या. ३० बाय ३० ची प्लेट बारा पिल्लांना शेवटपर्यंत सुखाने पुरते. वरच्या बाजूला बसून पिल्लं प्लेट घाण करतात, त्यासाठी काही किटमध्ये प्लास्टिकचं टोकदार छप्पर येतं. नसेल तर पुठ्ठ्याचं करून ठेवा, पण हवेच्या फटी बुजवू नका.

आता पाण्याचं भांडं. हे चालतं कसं ते कळलं की ते गळतं का तेही कळतं. बाटली भरून उलटी केली की आत वरच्या पोकळीत हवेचा दाब कमी राहतो आणि थाळीवर पडणारा बाहेरच्या हवेचा दाब पाणी धरून ठेवतो. थाळीतली पातळी बाटलीच्या भोकाखाली गेली की एक बुडबुडा आत जातो आणि तेवढंच पाणी खाली येतं. म्हणजे सगळा खेळ दोन गोष्टींवर : बाटलीत कुठूनही हवा शिरता कामा नये आणि थाळी सपाट असली पाहिजे. तुसावर ठेवलेलं भांडं पिल्लांनी एका बाजूने उकरलं की कलतं, भोक उघडं पडतं, बुडबुडे जातच राहतात आणि लिटरभर पाणी रात्रीतून गादीत, म्हणजे खाली अंथरलेल्या तुसात. बाटलीला केसाएवढी चीर असली तरी हेच होतं. या साच्यातल्या भांड्यांचा फिरकीचा आटा अर्ध्या वेढ्याचा असतो. घट्ट बसला असं वाटतं आणि बसलेला नसतो.

म्हणून पिल्लं आणायच्या आदल्या रात्रीच परीक्षा घ्या. भांडं भरून कोरड्या वर्तमानपत्रावर सपाट जागी ठेवा. सकाळी कागदावर ओलं वर्तुळ दिसलं तर दुकानात परत. गळत नसेल तर त्याला पक्की बैठक द्या : एखादी फरशी, लाकडाचा ठोकळा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे बारीक जाळी ठोकलेली लाकडी चौकट. सांडलेलं पाणी जाळीतून खाली जातं आणि पिल्लांचे पाय ओल्यात पडत नाहीत. थाळीची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर हवी. खाली असली तर त्यात तूस आणि विष्ठा, वर असली तर लहान पिल्लं तहानलेली. दर आठवड्याला ठोकळा बदलायचा.

थाळीची रुंदी हा दुसरा घोटाळा. स्वस्त भांड्यांची कड तीन-चार सेंटीमीटर रुंद आणि खोल असते. एक दिवसाचं पिल्लू त्यात पडतं, भिजतं आणि भिजलेलं पिल्लू काही तासांत गारठून मरू शकतं. पहिले तीन-चार दिवस थाळीत गोट्या किंवा धुतलेले गुळगुळीत खडे टाका, चोच जाईल पण पिल्लू जाणार नाही एवढे. आणि एक लिटर किती दिवस पुरतं? पिल्लं जेवढं खातात त्याच्या साधारण दुप्पट पाणी पितात. पहिल्या आठवड्यात २० पिल्लांना अर्धा लिटर रोज पुष्कळ झालं. चौथ्या आठवड्यात तीच दीड लिटरच्या घरात जातात आणि उन्हाळा असेल तर आणखी वर. म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासून एकतर दोन भांडी, नाहीतर निपलची, म्हणजे चोचीने टोचलं की थेंब सोडणाऱ्या तोटीची, बादली. निपल लावायचं असेल तर पिल्लाला मान वर करून पाणी घ्यावं लागेल एवढ्या उंचीवर लावा. डोळ्यासमोर लावलं तर ते बाजूने टोचतं आणि निपल ठिबकतं. भांडं रोज रिकामं करून आतून ब्रशने घासा. नुसतं विसळून तो बुळबुळीत थर जात नाही, बोट फिरवून बघा.

याला एवढी जागा का दिली, त्याचं कारण रक्ती हगवण. ती कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवीमुळे होते. विष्ठेतून बाहेर पडलेली त्याची अंडीपेशी लगेच रोग देत नाही. तिला ओल, ऊब आणि हवा मिळाली की साधारण एक-दोन दिवसांत ती संसर्गाला तयार होते. आता भांड्याखालची गादी बघा : ओल आहे, प्लेटची ऊब जवळ आहे, आणि पिल्लं सारखी तिथंच उभी राहून उकरतात. परजीवीला याहून चांगलं घर कोण देणार? तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिल्लू पाठ कुबडी करून, पिसं फुलवून, पंख सोडून कोपऱ्यात उभं राहतं, खाणं सोडतं आणि विष्ठेत ताजं रक्त दिसतं. विष्ठेबद्दल एक खोटी भीतीही असते. आठ-दहा वेळांतून एकदा पिल्लू तपकिरी, चॉकलेटसारखी चिकट, घाणेरड्या वासाची विष्ठा टाकतं. ती आंधळ्या आतड्याची नेहमीची विष्ठा आहे. क्वचित नारिंगी-लालसर कातड्याचा तुकडा दिसतो, तो आतड्याच्या अस्तराचा. पिल्लू खातंपितं, पळतं असेल तर दोन्हींवर औषध नको.

रक्त खरंच असेल तर वाट बघू नका. अँप्रोलियम हे नेहमीचं औषध. २० टक्के ताकदीच्या भुकटीचं प्रमाण लिटरला १.२ ग्रॅम पडतं, म्हणजे ०.०२४ टक्के द्रावण. ते ३ ते ५ दिवस द्यायचं आणि पुढे एक-दोन आठवडे त्याच्या चौथाई ताकदीचं, रोज ताजं करून, दुसरं कुठलंही पाणी न ठेवता. ताकद पाकिटानुसार बदलते, म्हणून लेबल वाचा आणि पशुवैद्याला विचारा. आता किटमधली ती पुडी आठवा. इलेक्ट्रोलाइटच्या बऱ्याच पुड्यांत जीवनसत्त्वंही असतात. अँप्रोलियम काम करतं तेच मुळी बी-१ जीवनसत्त्वाचं सोंग घेऊन. परजीवी फसतो आणि उपाशी मरतो. त्याच पाण्यात कुणी ‘पिल्लं अशक्त झाली’ म्हणून जीवनसत्त्वांची पुडी मिसळली तर औषधाची धारच जाते. आधी औषध संपवा, मग टॉनिक. पिल्लांना कॉक्सिडियाची लस दिलेली असेल तर मात्र अँप्रोलियम मिसळलेलं खाद्य देऊ नका, लस वाया जाते.

ती पुडी एरवी कामाची आहे का? प्रवास करून आलेल्या पिल्लांना पहिल्या दिवशी, हो. दोन-चार दिवसांच्या वर नाही. खारट पाणी जास्त प्यायलं जातं, विष्ठा पातळ होते, गादी ओली होते आणि आपण पुन्हा वरच्याच परिच्छेदात येतो.

फीडरबद्दल फार तक्रार नाही. भोकांमुळे पिल्लं आत उतरून उकरत नाहीत. निम्माच भरा, काठोकाठ भरला तर चोचीने उडवून वाया जातं. पहिले दोन दिवस फीडरशिवाय थोडं खाद्य खडबडीत कागदावर पसरून ठेवा, म्हणजे टोचायची सवय लागते. प्रत्येक पिल्लाला अडीच सेंटीमीटर कड मिळाली पाहिजे, तिसऱ्या आठवड्यानंतर दुप्पट. तेव्हा डोकंही भोकातून अडकू लागतं, मग लांब फीडर आणा. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाच-सहा पिल्लांची पोतडी, म्हणजे मानेच्या खालची खाद्याची पिशवी, बोटांनी हलकेच चाचपा. मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली तर खाल्लंय आणि प्यायलंय. कडक लागली तर खाल्लंय पण पाणी सापडलेलं नाही. रिकामी असेल तर त्या पिल्लाची चोच हाताने पाण्यात बुडवा. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस काढू शकतं, त्यामुळे उपाशी पिल्लू पहिल्या दिवशी ठणठणीत दिसतं आणि चौथ्या दिवशी मरतं. लोक मग चौथ्या दिवशी काय चुकलं ते शोधत बसतात.

खाद्य किटमध्ये नसतं. चिक स्टार्टर घ्या, प्रथिनं १८ ते २० टक्के. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य पिल्लांना देऊ नका. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लाला एक टक्का पुरतं आणि बाकीचं मूत्रपिंडावर बसतं. तयार क्रंबलशिवाय, म्हणजे भरडलेल्या तयार खाद्याशिवाय, दाणे, पालेभाजी काहीही घातलंत तर ते पोटात दळायला बारीक खडीही ठेवा.

चटई. दिसायला स्वच्छ, पुसायला सोपी, आणि पिल्लांचे पाय फाकवायला तेवढीच सोपी. गुळगुळीत प्लास्टिक किंवा वर्तमानपत्रावर पाय बाहेर घसरतात, सांधे अजून मऊ असतात आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू बेडकासारखं पसरून पडतं. खाली पाच सेंटीमीटर कोरडं तूस किंवा लाकडाचा जाड भुसा घाला. करवतीची बारीक भुकटी नको, पिल्लं खातात आणि धूळही उडते. पहिले दोन-तीन दिवस वर खडबडीत कागद. तूस कुबट वासाचं, बुरशी आलेलं असेल तर फुकट मिळालं तरी नको, ती बुरशी थेट फुप्फुसात जाते. पाय फाकलेलं पिल्लू पहिल्या दोन दिवसांत लक्षात आलं तर बरं होतं. चिकटपट्टीची बारीक पट्टी दोन्ही पायांना बांधून मध्ये साधारण अडीच सेंटीमीटर अंतर ठेवायचं, पाय अंगाखाली नैसर्गिक रुंदीला येतील असं. खडबडीत जागेवर ठेवायचं, पट्टी रोज तपासायची, तीन ते पाच दिवसांत ते चालू लागतं. आठवड्याने लक्षात आलं तर आशा कमी. बोटं आत मुठीसारखी वळलेली असतील तर ते दुखणं वेगळं, तिथं बी-२ जीवनसत्त्व कमी पडलेलं असू शकतं आणि पट्टीचा उपयोग नाही.

रिंगणाच्या पट्ट्यांची कल्पना योग्य आहे. कोपरा नसला की घाबरलेली पिल्लं एकावर एक चढून गुदमरत नाहीत. पण उंची ३० सेंटीमीटर, आणि दुसऱ्या आठवड्यात पंख फुटलेली पिल्लं त्यावरून सहज उडतात. ४५ सेंटीमीटरचा पुठ्ठा किंवा पत्रा बरा. एक मीटर व्यासाच्या रिंगणात २० पिल्लं तीन आठवडे राहतात, पुढे जागा वाढवलीच पाहिजे. वरून अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी हवी. प्लास्टिकची जाळी उंदीर कुरतडतो आणि कोंबड्यांसाठी मिळणाऱ्या मोठ्या षट्कोनी जाळीतून तर तो सरळ आत येतो.

शेपटीखाली विष्ठा चिकटून गुदद्वार बंद होणं ही या किटवरच्या नव्या मालकांची सगळ्यात सामान्य तक्रार. ते बहुतेक वेळा प्रवासातल्या ताणाने किंवा प्लेटची उंची चुकून गारठल्याने होतं, क्वचित उकडल्यानेही. कोमट पाण्यात कापूस भिजवून मिनिटभर धरा आणि मऊ झालं की पुसून काढा. ओढू नका, पिसांबरोबर कातडी येते. मग कोरडं करून थोडं व्हॅसलीन लावा आणि दोन-तीन दिवस रोज बघा. गुदद्वार शेपटीच्या लगेच खाली असतं. पोटाकडे जो वाळलेला काळा टिपका दिसतो ती बेंबी. घाण समजून ती खरवडली तर जंतू आत जाऊन पिल्लू जाऊ शकतं. एक-दोन पिल्लांत असेल तर हे पुरे. बरीच पिल्लं पांढरी हगवण करून भराभर मरत असतील तर तो संसर्गजन्य रोग असू शकतो. मग मेलेलं पिल्लू घेऊन पशुवैद्याकडे जा, प्लेट हलवत बसू नका.

टोचाटोची सुरू झाली तर रक्त आलेलं पिल्लू त्याच क्षणी बाजूला काढा. मग गर्दी, उकाडा, झगझगीत दिवा आणि हलक्या प्रतीचं खाद्य या क्रमाने तपासा. खाली वाकून, नाक गादीच्या जवळ नेऊन वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय आणि पिल्लं तो चोवीस तास घेताहेत. ओली गादी काढा, वरून हवा खेळती ठेवा. लसींच्या बाबतीत हे किट काही करत नाही. मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी द्यायची असते, पिल्लं घेताना तेवढं विचारून घ्या. मानमोडी आणि गंबोरो या रोगांच्या लसींचं वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून आणा.

वीज गेली तर प्लेट लवकरच गार होते, साठवलेली उष्णता जवळजवळ नसते. पुठ्ठ्याचं भोकं पाडलेलं खोकं आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली तयार ठेवा. पिल्लं एकत्र दाटीने बसली की बराच वेळ तग धरतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात अंगावर पूर्ण पिसं आली की आधी दिवसा प्लेट बंद, मग तीन-चार रात्री बघून रात्रीही बंद. मोठ्या कोंबड्यांत लगेच सोडू नका.

बॅच संपली की प्लेटची वायर काढून ती ओल्या फडक्याने पुसा, पाण्याखाली धरू नका. पाय वेगळे करून खाचा धुवा, भांडी घासून उन्हात दोन दिवस वाळवा. चारही पाय एकाच पिशवीत बांधून प्लेटलाच अडकवून ठेवा. सुटे पाय सहसा वेगळे मिळत नाहीत आणि तीन पायांची प्लेट पुढच्या बॅचला विटेवर टेकवावी लागते.